उंच इमारतीचा जीर्णोद्धार

इमारत बांधून पुरी झाली, की तिचा खर्च संपला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्याच दिवसापासून दुसरा एक खर्च सुरू होतो. दिवे लागतात, पंप पाणी वर चढवितात, लिफ्ट वरखाली धावतात. थंड देशांत हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवाव्या लागतात आणि उन्हाळ्यात त्याच खोल्या गार कराव्या लागतात. विटा आणि दगड यांवर झालेला खर्च डोळ्यांना दिसतो. हा दुसरा खर्च दिसत नाही. तो दरमहा विजेच्या आणि इंधनाच्या बिलात उमटतो, आणि इमारत उभी असेतो थांबत नाही. त्यासाठी कोठे तरी कोळसा किंवा वायू जळत असतो आणि त्याचा धूर आकाशात जात असतो. न्यूयॉर्कसारख्या शहरात रस्त्यांवरील मोटारींपेक्षा इमारतींपायीच हवेत अधिक कार्बन डायऑक्साइड मिसळतो, हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे.

नव्या इमारती काटकसरीने चालतील अशा बांधता येतात. परंतु ज्या आधीच उभ्या आहेत, त्यांचे काय करावयाचे? त्या सरसकट पाडता येत नाहीत. पाडल्या, तर त्यांत गुंतलेले पोलाद, दगड आणि हजारो माणसांचे श्रम मातीमोल होतात. राहत्या, गजबजलेल्या जुन्या इमारतीला, तिच्यातील माणसे न हलविता, कमी इंधनावर जगावयास शिकविता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट बिल्डिंग या इमारतीने दिले.

या इमारतीची कहाणी मुळातच विलक्षण आहे. १९३० च्या मार्च महिन्यात तिचे बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी ती उघडली गेली. एवढ्या अल्पावधीत १०२ मजले उभे राहिले! तिचे छत जमिनीपासून १,२५० फूट उंच आहे. पुढे सुमारे चाळीस वर्षे जगातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे होता. मात्र तिचा जन्म झाला तो महामंदीच्या दिवसांत. धंदे बुडाले होते, कचेऱ्या बंद पडत होत्या. इतक्या मोठ्या इमारतीला भाडेकरू मिळेनात, तेव्हा थट्टेखोर लोक तिला ‘एम्पायर स्टेट’ऐवजी ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे ‘रिकामे राज्य’, म्हणू लागले.

पाऊणशे वर्षांनंतर जवळजवळ तीच भीती पुन्हा उभी राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही इमारत प्रवाशांच्या दृष्टीने प्रसिद्ध होती. पण कचेरी थाटणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने जुनाट झाली होती. नव्या काचमहालांतील सुखसोयी तिच्यात नव्हत्या. म्हणून तिचे व्यवस्थापन पाहणारे अँथनी माल्किन यांनी तिच्या व्यापक दुरुस्तीची योजना आखली. विजेच्या आणि इंधनाच्या वापराशी संबंध असलेल्या कामांसाठीच त्या योजनेत ९ कोटी ३० लाख डॉलर धरले होते. जुन्या यंत्रांच्या जागी नवी आणि अधिक मोठी यंत्रे बसवावयाची, असा साधा सरळ विचार त्यामागे होता.

याच सुमारास रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था, जॉन्सन कंट्रोल्स ही यंत्रकामातील कंपनी आणि इतर काही जाणकार मंडळी या कामात सहभागी झाली. रॉकी माउंटन इन्स्टिट्यूटच्या संस्थापकांपैकी एमरी लोव्हिन्स हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक अनेक वर्षे एकच गोष्ट सांगत आले होते: यंत्र केवढे हवे, हे विचारण्यापूर्वी त्या यंत्राची गरज किती कमी करता येईल, ते पाहावे. माल्किन हे व्यवहारी गृहस्थ होते. त्यांची अट अशी, की केवळ नावलौकिकासाठी काही करावयाचे नाही. घातलेला पैसा परत आला पाहिजे. कारण तसे झाले तरच इतर इमारतींचे मालक त्याचे अनुकरण करतील, आणि एकट्या एका इमारतीने धूर कमी करून शहराचे काय भले होणार?

अशा कामाची नेहमीची पद्धत कोणती असते? खिडक्यांचा कारागीर खिडक्यांचा हिशेब करतो, दिव्यांचा माणूस दिव्यांचा करतो, आणि गारव्याची यंत्रे विकणारा आपल्या यंत्रांचा करतो. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे. अशा रीतीने पाहिले, तर चांगली खिडकी बहुधा महागच ठरते. तिच्यातून वाचणारे इंधन तिची किंमत भरून काढावयास फार वर्षे घेते. म्हणून मालक ती सूचना बाजूस सारतो. परंतु इमारतीचे भाग असे एकमेकांपासून सुटे नसतात. खिडकीतून आलेल्या उन्हाची उष्णता खोलीत साठते. दिवा जेवढी वीज खातो, ती सारी अखेर उष्णतेच्याच रूपाने खोलीत उतरते. टेबलावरील संगणकाचे तेच, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तेच. त्याच्या देहातून सुमारे शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. ही सगळी उष्णता तळघरातील यंत्रांना वीज खर्चून बाहेर काढावी लागते. म्हणजे खिडकी सुधारली, की तळघरातील यंत्राचे ओझे हलके होते. दिवा बदलला, तरीही होते. खिडकीचा नफा खिडकीच्या खात्यावर दिसत नाही, तो यंत्राच्या खात्यावर जमा होतो. दोन्ही खाती एकत्र मांडल्याशिवाय खरा हिशेब कळत नाही.

म्हणून या मंडळींनी प्रथम संपूर्ण इमारतीची प्रतिकृती संगणकात तयार केली. कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूस किती ऊन पडते, कोणत्या वेळी किती दिवे जळतात, हे सारे तिच्यात घातले. साठांहून अधिक सूचना तिच्यावर पडताळून पाहिल्या आणि त्यांतून शेवटी आठ कामे निवडली. ती करण्याचा क्रमही ठरविला: आधी उष्णतेची ये-जा रोखावयाची, मग गरज उरेल तेवढ्याच मापाची यंत्रे ठेवावयाची.

पहिले काम खिडक्यांचे. या इमारतीला ६,५१४ खिडक्या आहेत. त्यांच्या तावदानांत दोन काचा आणि मध्ये हवेची पोकळी अशी रचना आधीपासूनच होती. या खिडक्या काढून नव्या आणावयाच्या, तर खर्च अफाट होता आणि जुन्या काचांचा डोंगर शहराबाहेर नेऊन टाकावा लागला असता. तेव्हा एक धाडसी विचार पुढे आला. काचा तर धडधाकट आहेत. त्याच उलगडून, सुधारून पुन्हा का बसवू नयेत? त्यासाठी इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर एक छोटा कारखाना उभारण्यात आला. खिडक्या खाली आणावयाच्या, काचा एकमेकींपासून सोडवावयाच्या, स्वच्छ धुवावयाच्या, आणि दोहोंच्या मध्ये एक अत्यंत पातळ, पारदर्शक पडदा ताणून बसवावयाचा. भट्टीत तापविला, की हा पडदा आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. नंतर पोकळीत हवेऐवजी आरगॉन आणि क्रिप्टॉन या वायूंचे मिश्रण भरून कडा घट्ट बंद करावयाच्या. जवळजवळ २६,००० काचा या कारखान्यातून गेल्या. जुन्या काचा आणि चौकटी यांपैकी ९६ टक्के भाग पुन्हा उपयोगात आला. २०१० साली हे काम पूर्ण झाले.

या पडद्याचे रहस्य काय? उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते, हे शास्त्राच्या तासाला सर्वांनी शिकलेले असते. पदार्थातून कणाकणाने जाणारी ती वहनाने, हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाबरोबर जाणारी ती अभिसरणाने, आणि सूर्यापासून पृथ्वीवर येते तशी, मध्ये काही नसतानाही जाणारी ती प्रारणाने. आरगॉन आणि क्रिप्टॉन हे वायू हवेपेक्षा उष्णतेचे मंद वाहक आहेत. त्यांनी वहन रोडावले. मधल्या पडद्याने पोकळीचे दोन अरुंद भाग झाले, त्यामुळे आतील वायूला फिरण्यास वाव उरला नाही, अभिसरण मंदावले. आणि पडद्यावर धातूचा इतका सूक्ष्म थर दिलेला असतो, की डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यातून सुखाने पार होतो, पण उष्णतेचे अदृश्य किरण बव्हंशी परत फिरतात. एकाच साधनाने तिन्ही वाटा अडविल्या. पूर्वीपेक्षा या तावदानांची उष्णता रोखण्याची शक्ती सुमारे तिप्पट झाली. यातही एक चातुर्य होते. उत्तरेच्या बाजूस त्या देशात ऊन जवळजवळ येतच नाही. तेथील खिडक्यांना एक प्रकारचा पडदा, आणि पूर्व, दक्षिण व पश्चिम या उन्हाच्या बाजूंना उष्णता अधिक अडविणारा दुसऱ्या प्रकारचा पडदा लावला गेला.

दुसरे काम दिसावयास अगदीच क्षुल्लक. न्यूयॉर्क शहरात १८८२ पासून रस्त्यांखालील नळांतून वाफ पुरविली जाते, आणि एम्पायर स्टेट इमारत हिवाळ्यात त्याच वाफेवर उबदार राहते. प्रत्येक खिडकीखाली लोखंडी रेडिएटर असतात. वाफेने ते तापतात आणि खोलीला ऊब देतात. पण रेडिएटरला पुढची बाजू असते तशी मागचीही असते! मागच्या बाजूने निघालेली उष्णता बाहेरच्या भिंतीत शिरून थेट रस्त्यावर जात होती. हे गेली कित्येक वर्षे चालले होते आणि कोणाच्या ध्यानात आले नव्हते. किंवा आले असले, तरी ‘एवढ्याने काय होते’ म्हणून सोडून दिले गेले होते. सहा हजारांहून अधिक रेडिएटरांच्या मागे चकाकणारे, उष्णतारोधक पत्रे बसविण्यात आले. रस्त्याकडे जाणारी ऊब खोलीत परतू लागली.

नंतर दिव्यांची पाळी. खिडकीजवळच्या टेबलाला भर दुपारी दिव्याची गरज नसते. तेथील दिवे बाहेरच्या उजेडाप्रमाणे आपोआप मंद किंवा तेज व्हावेत, खोलीत कोणी नसेल तर विझावेत, अशी योजना झाली. मात्र येथे एक अडचण होती. कचेऱ्यांच्या आतील दिवे आणि उपकरणे भाडेकरूंची. मालकाने कितीही ठरविले, तरी भाडेकरूने मनावर घेतल्यावाचून हे काम तडीस जाणे शक्य नव्हते. शिवाय विजेचा वापर ज्याचा त्याला वेगळा कळत नसेल, तर काटकसर कोण करणार? ज्या वाड्यात दहा बिऱ्हाडांमध्ये एकच मीटर असतो, तेथील दिवे रात्रभर का जळतात, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून भाडेकरूंसाठी स्वतंत्र मीटर बसविण्याचे, आणि आपण किती वीज वापरतो हे त्यांना वेळोवेळी पाहता येईल अशी सोय करण्याचे ठरले. आठ कामांपैकी हे सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल. कारण काच कापता येते, सवय कापता येत नाही.

आता तळघराकडे वळावयास हरकत नाही. तेथे पाणी गार करणारी चार प्रचंड यंत्रे आहेत. त्यांना चिलर म्हणतात. त्यांनी गार केलेले पाणी नळांवाटे वर जाते, तेथील हवा थंड करते आणि उष्णता घेऊन परत येते. अशा यंत्रांची शक्ती ‘टन’ या मापाने सांगतात, आणि त्या शब्दामागे एक गमतीदार इतिहास आहे. यंत्रे येण्यापूर्वी गारवा मिळवावयाचा तो बर्फाने. अमेरिकेत हिवाळ्यात तळी गोठली, की करवतीने बर्फाच्या लाद्या कापून साठवीत. एकोणिसाव्या शतकात बोस्टनकडील तळ्यांचा हा बर्फ भुश्यात गुंडाळून जहाजांनी कलकत्त्यास आणि मुंबईसही येत असे! पुढे यंत्रे आली, तेव्हा लोक विचारू लागले, की हे यंत्र किती बर्फाचे काम करते? एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता त्याच वेळात काढून नेणारे यंत्र ते एक टनाचे. घरोघरीच्या वातानुकूलन यंत्राला ‘दीड टनाचे’ म्हणतात, ते याच अर्थाने. यंत्राच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही.

एम्पायर स्टेट इमारतीची मूळ योजना अशी होती, की ही चार यंत्रे बदलून अधिक शक्तीची बसवावयाची. परंतु खिडक्या, दिवे आणि इतर सुधारणा एकत्र धरून हिशेब केला, तेव्हा ऐन उन्हाळ्यातील गारव्याची गरजच सुमारे एकतृतीयांशाने, म्हणजे १,६०० टनांनी, घटणार असे दिसले. सोळाशे टन बर्फ दररोज वितळविण्याइतके काम कमी! मग मोठी यंत्रे हवीत कशाला? जुन्या यंत्रांची बाह्य कवचे तशीच ठेवून आतील नळ्या, मोटरी आणि नियंत्रणे तेवढी बदलली, की काम भागत होते. यंत्रे बदलण्याचे व वाढविण्याचे १ कोटी ७० लाखांहून अधिक डॉलर वाचले. खिडक्यांसाठी लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग येथूनच निघाला. क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी यंत्रे आणि मग खिडक्या अशी कामे झाली असती, तर मोठी यंत्रे विनाकारण विकत घेतली गेली असती आणि पुढची तीस वर्षे अर्ध्या ओझ्यावर कुरकुरत चालली असती.

यंत्रांचा वेग कमीजास्त करण्याची सोय, हीही मोठी जमेची बाजू ठरली. जुन्या काळी पंप आणि पंखे एकाच वेगाने चालत. पाणी किंवा हवा कमी हवी असेल, तर झडप आवळून प्रवाह अडवीत. मोटर मात्र पूर्ण जोमाने फिरतच असे. पाय ब्रेकवर ठेवून मोटार पळविण्यासारखेच ते. वास्तविक पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याला लागणारी शक्ती निम्मी होत नाही, ती जवळजवळ एकअष्टमांशावर येते. हा निसर्गनियम आहे. त्याचा लाभ न घेणे, म्हणजे दारी आलेली लक्ष्मी परत पाठविणे होय. मजल्यामजल्यावरील हवा खेळविणारी जुनी यंत्रेही क्रमाक्रमाने बदलावयाची होती. छताला टांगलेल्या चार यंत्रांऐवजी जमिनीवर ठेवलेली दोनच, तीही वेग बदलणारी. बाहेरची ताजी हवा किती घ्यावयाची, ते खोलीत किती माणसे आहेत यावर ठरू लागले. माणसे श्वास सोडतात, त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजणारी साधने तेवढ्यासाठी बसविली गेली. रिकाम्या सभागृहासाठी बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन तापवीत बसण्याचे कारण उरले नाही.

एप्रिल २००९ मध्ये ही योजना जाहीर झाली. तो काळही १९३१ सारखाच मंदीचा होता, हा एक योगायोग. सर्व आठ कामे धरून ९ कोटी ३० लाखांचा आकडा १० कोटी ६० लाखांवर गेला; म्हणजे भर पडली ती सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरांची. त्याच्या बदल्यात इमारतीचा ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी आणि खर्च वर्षाला ४४ लाख डॉलरांनी घटेल, असा अंदाज होता. वाढीव पैसा तीन वर्षांत फिटणार होता. याहून अधिक बचत शक्य नव्हती, असे नाही. परंतु उरलेल्या सूचनांतील एकेक थेंब वाचविण्यास फार दाम मोजावे लागत होते, म्हणून त्या वगळल्या गेल्या. काहींना हे खटकले. तथापि मालकाची मूळ अट लक्षात घेता हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

अंदाज कागदावर सुंदरच दिसतात. अनुभव काय आला? बचतीचा ठरावीक भाग साधला नाही, तर तूट भरून देण्याची हमी जॉन्सन कंट्रोल्सने घेतली होती. पहिल्या वर्षी, २०११ साली, २४ लाख डॉलर वाचले. हमीपेक्षा ५ टक्के अधिक. तीन वर्षांची बेरीज सुमारे ७५ लाख डॉलर झाली. अंदाजातील ४४ लाखांचा आकडा पहिल्याच वर्षी गाठला गेला नाही, याचे कारण उघड होते. मालकाच्या ताब्यातील कामे झाली होती. भाडेकरूंच्या कचेऱ्या मात्र जुन्या करारांची मुदत संपेल तशा एकेक करून बदलावयाच्या होत्या. दरम्यान २०११ मध्ये ६८ लिफ्टच्या नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले. नव्या व्यवस्थेत भरलेली लिफ्ट खाली येताना तिची मोटर वीज खाण्याऐवजी उलट थोडी निर्माण करते आणि ती इमारतीलाच परत देते. दहा वर्षांनी, २०१९ साली, न्यूयॉर्क शहराने पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल, याची मर्यादा घालणारा कायदा केला. २०२४ पासून ती मर्यादा लागू झाली. जे काम एका मालकाने हिशेब करून आपखुशीने केले होते, ते आता हजारो मालकांना करणे भाग पडले.

या इमारतीच्या ८६ व्या मजल्यावरील सज्जात उभे राहून शहर पाहण्यासाठी आजही दूरदूरचे प्रवासी येतात. १९३१ साली होती तशीच ती त्यांना दिसते. तिची दगडी भिंत तीच आहे, खिडक्यांची संख्या तीच आहे. प्रत्येक काचेमागे एक न दिसणारा पडदा ताणलेला आहे, आणि पायांखाली खोल तळघरात जुन्याच कवचांतील चार यंत्रे मंद वेगाने फिरत आहेत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.